समजून घ्या : ३ हजार एकर, ५ माणसं आणि ६० दिवस... अमेरिकेतली सुगी रीलमध्ये दिसते तेवढी सोपी असते का?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की मोबाइलवर एक रील हमखास फिरू लागते. नजर पोहोचेल तिथपर्यंत मक्याचं शेत, त्यात घराएवढं हार्वेस्टर आणि शेजारून धावणाऱ्या गाडीत पडणारी पिवळ्याधमक दाण्यांची धार. खाली आपल्याकडच्या कमेंट्स ठरलेल्या : ‘याला म्हणतात शेती’, ‘यांना कसली चिंता?’

त्याच दिवसांत मराठवाडा-विदर्भातला शेतकरी मजूर शोधत असतो, आभाळाकडे पाहत असतो आणि कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत असतो. त्यामुळे ती कमेंट खोटी म्हणता येत नाही. पण ती पूर्ण खरीही नाही. आयोवा, इलिनॉय या राज्यांत हजारो एकर कसणाऱ्या कुटुंबांसाठीही हे दोन महिने वर्षातले सगळ्यात जोखमीचे असतात. तिथली सुगी नेमकी चालते कशी, अडते कुठे आणि तिचा लातूरच्या भावाशी काय संबंध, हे समजून घेऊया.

आधी थोडक्यात

• अमेरिकेतली सुमारे ९५ टक्के शेतं आजही कुटुंबांच्या मालकीची आहेत.
• मका आणि सोयाबीनची काढणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालते.
• वेग ठरतो हार्वेस्टरवर नाही, तर ट्रक, ड्रायर आणि आभाळावर.
• धान्याचं कोठार ही शेतातली सगळ्यात धोकादायक जागांपैकी एक आहे.

‘मोठं शेत’ म्हणजे किती मोठं?

अमेरिकेच्या २०२२च्या कृषी गणनेनुसार तिथे सुमारे १९ लाख शेतं आहेत आणि एका शेताचं सरासरी क्षेत्र ४६३ एकर आहे. आपल्या २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर होती.

पण ही सरासरी फसवी आहे. ४६३ एकरांत हौसेने चार घोडे पाळणाराही येतो आणि हजारो एकर मका पिकवणाराही. फक्त धान्यावर घर चालवायचं असेल, तर मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत दोन-तीन हजार एकर कसणारं कुटुंब ही नवलाई नाही.

ही सगळी जमीन त्यांची स्वतःची असते असंही नाही. आयोवात निम्म्याहून अधिक शेतजमीन भाड्याने कसली जाते. एकरी वार्षिक भाडं सरासरी २७५ डॉलरच्या आसपास आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२४च्या पाहणीत एक एकर जमिनीची सरासरी किंमत ११ हजार ४६७ डॉलर निघाली. म्हणजे रीलमध्ये दिसणाऱ्या शेतातला मोठा तुकडा बहुधा कुणाच्या तरी आत्याचा, शहरात गेलेल्या वारसाचा किंवा गुंतवणूकदाराचा असतो. पीक येवो न येवो, त्यांचं भाडं द्यावंच लागतं.

एवढ्या शेतात माणसं किती?

समजण्यासाठी एक शेत डोळ्यासमोर आणा. ३ हजार एकर, निम्मा मका, निम्मं सोयाबीन. सुगीला राबणारी माणसं साधारण पाच. वडील हार्वेस्टरवर. मुलगा किंवा मुलगी ग्रेन कार्टवर, म्हणजे हार्वेस्टरच्या बरोबरीने चालत धान्य झेलणाऱ्या ट्रॅक्टरवर. ट्रकवर काका आणि एखादा हंगामी ड्रायव्हर. ड्रायर, काटा आणि हिशेब बहुतेकदा आईकडे. सत्तरी ओलांडलेले आजोबाही घरी बसत नाहीत, तेही ट्रक हाकतात.

जेवण शेतात येतं. गाडीच्या मागच्या फळीवर डबे उघडले जातात, दहा-पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा आपापल्या यंत्रावर. आपल्याकडे न्याहारी बांधावर येते, तसंच हे. फरक इतकाच की तिथे बांध सापडायला दोन किलोमीटर जावं लागतं.

हार्वेस्टर आत नेमकं करतो काय?

त्याचं पूर्ण नाव ‘कंबाइन हार्वेस्टर’. कंबाइन म्हणजे एकत्र करणं. कापणी, मळणी आणि उफणणी ही तीन कामं एकाच यंत्रात एकत्र आली, म्हणून हे नाव. अमेरिकेत हायरम मूर याने १८३६मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हा ते ओढायला घोड्यांची रांग लागायची.

आजच्या यंत्राचा पुढचा भाग म्हणजे हेडर. मक्यासाठी वेगळा, सोयाबीनसाठी वेगळा. मक्याचं हेडर ताट खाली खेचतं आणि कणीस वरच्या वर तोडून घेतं. आत लांब फिरता रोटर आणि त्याखाली जाळी असते. या दोघांत घासून दाणे सुटतात. ही झाली मळणी. पुढे पंखा भुसा उडवतो आणि चाळण्या दाणे वेगळे करतात. ही झाली उफणणी. आपल्या खळ्यावर वारं सुटायची वाट पाहत सूप घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काम तिथे एक पंखा करतो. तत्त्व तेच.

गाडी जीपीएसवर सरळ चालते. कुठल्या कोपऱ्यात किती उतारा पडला, याचा नकाशा स्क्रीनवर आपोआप तयार होतो. तरीही अनुभवी शेतकरी अधूनमधून खाली उतरतो आणि यंत्रामागे सांडलेले दाणे मोजतो. सोयाबीनचे एका चौरस फुटात चार दाणे दिसले, तर एकरी सुमारे एक बुशेल, म्हणजे २७ किलो माल जमिनीवर चालला आहे. १५०० एकरांवर हा आकडा ४० टनांच्या पुढे जातो. कोट्यवधींच्या यंत्राची परीक्षा शेवटी गुडघ्यावर बसून, बोटांनी दाणे मोजूनच होते.

मग काम अडतं कुठे?

इथे थोडं गणित करू. इंजिनिअरिंगला शिकलेला एक नियम इथे तंतोतंत लागू पडतो : साखळीचा वेग सगळ्यात मंद कडीएवढाच असतो.

मक्याच्या १२ ओळी एकदम घेणारं हेडर ३० फूट रुंद असतं. ताशी चार मैल वेगाने, वळणं आणि थांबे धरून, तासाला १० एकर होतात. अमेरिकेत मक्याचा सरासरी उतारा २०२४मध्ये एकरी १७९ बुशेल होता. मक्याचं एक बुशेल म्हणजे २५.४ किलो. म्हणजे तासाला सुमारे ४५ टन मका.

एका ट्रकमध्ये साधारण २३ टन बसतो. तासाला दोन ट्रक भरले. ट्रकला विक्री केंद्रावर जाऊन, रांगेत थांबून, रिकामं होऊन परत यायला दीड तास लागला, तर तीन ट्रक सतत फिरते हवेत. रांग लांबली आणि ट्रक अडकले, की ग्रेन कार्ट भरते. मग हार्वेस्टरची टाकी भरते. मग पाच लाख डॉलरहून महाग असलेलं यंत्र चकचकीत उन्हात गप्प उभं राहतं.

आता दिवस मोजू. दिवसाला १०० एकर धरले तर १५०० एकर मक्याला १५ दिवस. सोयाबीन सकाळच्या दवात ओलसर आणि चिवट असतं, नीट मळलं जात नाही. त्यामुळे दुपारपासूनच काम सुरू होतं. त्यालाही साधारण १४ दिवस धरा. एकूण २९ दिवस. हंगाम ६० दिवसांचा. म्हणजे निवांत?

नाही. पाऊस, चिखल, धुकं वजा केलं की आठवड्यातले साधारण पाचच दिवस शेतात जाता येतं. अमेरिकेचा कृषी विभाग दर आठवड्याला ‘शेतात काम करण्यायोग्य दिवस किती होते’ याचा आकडा प्रसिद्ध करतो, इतका तो महत्त्वाचा आहे. ६० दिवसांचे उरले ४३. हातात राहिले १४. एक मोठी दुरुस्ती आणि एक पावसाळी आठवडा आला, की ही शिल्लक संपते.

यंत्र बिघडलं तर?

बेअरिंग गेलं, पट्टा तुटला, तर बहुतेक शेतकरी स्वतःच हात काळे करतात. पण आजच्या यंत्रात सेन्सर आणि सॉफ्टवेअर आहे. बिघाड कळण्यासाठी आणि दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी काही वेळा कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. ऐन सुगीत एक दिवस थांबणं म्हणजे काय, हे वरच्या हिशेबात आलंच.

यातूनच ‘दुरुस्तीचा हक्क’ ही चळवळ तिथल्या शेतकऱ्यांत जोर धरून आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीविरुद्ध खटला दाखल केला. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत.

दुसरी भीती आगीची. वाळलेला पाला, भुश्शाची धूळ आणि तापलेलं बेअरिंग एकत्र आलं, की हार्वेस्टर पेटायला वेळ लागत नाही. म्हणून यंत्रावर अग्निशमन सिलिंडर असतोच, आणि दिवसअखेर साचलेला भुस्सा हवेच्या झोताने साफ करणं हे कामच असतं.

ओलाव्याचा एवढा बाऊ का?

लातूरच्या मोंढ्यात माल नेलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारा. ‘मॉइश्चर जास्त आहे’ या तीन शब्दांनी भाव कसा पडतो, हे तो सांगेल. अमेरिकेतही तेच. मक्यासाठी साधारण १५ टक्के आणि सोयाबीनसाठी १३ टक्के ओलावा हा व्यवहाराचा पाया. त्यापुढे कपात.

पण मका १५ टक्क्यांवर यायची वाट पाहिली, तर ताटं मोडतात, कणसं गळतात. म्हणून २० ते २५ टक्के ओलाव्यालाच काढणी सुरू होते आणि उरलेलं पाणी ड्रायरमध्ये उडवलं जातं. ते किती? दिवसाचा १०० एकर मका २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणायचा, तर सुमारे ४० हजार लिटर पाणी वाफ करून घालवावं लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर. रोज.

त्यासाठी लागतो प्रोपेन गॅस. २०१९मध्ये पावसामुळे पेरणी लांबली, पीक ओलं राहिलं, सगळ्यांचे ड्रायर एकदम सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये अनेक राज्यांत प्रोपेनचा तुटवडा पडला. शेतात पीक उभं, यंत्र तयार, पण सुकवायला गॅस नाही.

सोयाबीनचं उलट आहे. ते जास्त वाळलं की शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर. शिवाय १३ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांवर विकलं, तर वजन कमी भरतं आणि जास्तीचा भाव मिळत नाही. म्हणजे ओलं विकलं तरी तोटा आणि फार वाळवलं तरी तोटा. मधल्या चार-सहा दिवसांसाठी सगळी धावपळ.

कोठार जीवघेणं कसं ठरतं?

शेतावर पत्र्याची गोल कोठारं दिसतात, त्यांना बिन म्हणतात. आपल्या कणगीचं महाकाय रूप. अमेरिकेतल्या एकूण धान्य साठवणक्षमतेपैकी निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांच्या स्वतःच्या आवारात आहे. ही त्यांची मोठी ताकद. सुगीत भाव पडले, तरी ते थांबू शकतात.

पण ओलं धान्य साठवलं तर आत बुरशी धरते आणि गठ्ठे होतात. खालून धान्य काढताना प्रवाह अडतो. मग कुणीतरी काठी घेऊन आत उतरतं. मोटर सुरू असताना धान्य मधोमध भोवऱ्यासारखं खाली जातं. काही सेकंदांत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो आणि मग हलता येत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत तो पूर्ण गाडला जाऊ शकतो. दोरी लावून ओढून काढणंही सोपं नसतं, कारण छातीपर्यंत धान्याने आवळलेल्या माणसाला उपसायला शेकडो किलोंचा जोर लागतो. म्हणून बचाव पथकं त्याच्याभोवती पत्र्याच्या पट्ट्या रोवून आधी आतलं धान्य काढतात.

पर्ड्यू युनिव्हर्सिटी अनेक वर्षांपासून अशा अपघातांची नोंद ठेवते. ओलं पीक साठवलेल्या हंगामानंतर हे अपघात वाढतात, असं अभ्यासक सांगतात. दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या शेतांवर तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेचे नियम सहसा बजावले जात नाहीत. आणि आईवडिलांच्या शेतात मुलांना कुठल्याही वयात काम करायला कायद्याची आडकाठी नाही. कुटुंबाचं शेत म्हणून मिळालेली ही मोकळीक कधी कधी कुटुंबावरच उलटते.

घरात कुणी आजारी पडलं तर सुगीचं काय?

पीक थांबत नाही. अशा वेळी तिथल्या गावांत एक रीत पाळली जाते. ऐन हंगामात कुणाला हृदयविकाराचा झटका आला, अपघात झाला किंवा घरातला कर्ता गेला, तर शेजारचे शेतकरी स्वतःची काढणी थांबवून आपापले हार्वेस्टर आणि ट्रक घेऊन त्याच्या शेतावर येतात. दहा-बारा यंत्रं एकाच वेळी लागतात आणि शेकडो एकर एका दिवसात मोकळे होतात. जेवण गावातल्या बायका आणि चर्चची मंडळी करतात. पैसे कुणी घेत नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे : इर्जिक. अडलेल्याच्या शेतात गावाने बैल-औतं घेऊन जायचं आणि संध्याकाळी तिथेच जेवायचं. आपल्याकडे बैल कमी झाले तशी इर्जिकही कमी झाली. तिथे बैलांच्या जागी हार्वेस्टर आले, पण रीत टिकली. ज्या दिवशी आपली वेळ येईल त्या दिवशी कोण येणार, हा प्रश्न ३ हजार एकरवाल्यालाही सुटलेला नाही.

एवढं करून हातात काय राहतं?

साधा हिशेब. मक्याचा भाव बुशेलला ४ डॉलर धरला, तर १८० बुशेलचे एकरी ७२० डॉलर होतात. त्यातून जमिनीचं भाडं, बियाणं, खत, गॅस, यंत्राचा हप्ता आणि विमा. अलीकडच्या हंगामांत भाड्याच्या जमिनीवर हे गणित अनेकांना तोट्यात जाताना दिसलं आहे. एकर जास्त असले, तर नफा मोठा दिसतो. पण तोटाही एकरांनीच गुणला जातो.

त्यांना आधार देते ती पीक विमा योजना. तिचा सर्वाधिक घेतला जाणारा प्रकार फक्त उत्पादनाचा नाही, तर उत्पन्नाचा विमा आहे. पेरणीआधी फेब्रुवारीत शिकागोच्या वायदे बाजारातल्या सरासरीवरून एक भाव ठरतो, ऑक्टोबरमध्ये दुसरा. पीक बुडालं किंवा भाव पडला आणि उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेलं, तर भरपाई मिळते. तरी आभाळ कधी सगळं गणित उधळतं. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवातून ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वादळी वाऱ्याची भिंत गेली. लाखो एकर मका आडवा झाला आणि तो साठवायची कोठारं चुरगळलेल्या डब्यांसारखी पडली.

आणि याचा आपल्या सोयाबीनशी संबंध काय?

थेट आहे. अमेरिकेचं आणि आपलं सोयाबीन एकाच वेळी निघतं. खाद्यतेल आपण मोठ्या प्रमाणात आयात करतो आणि आपली पेंड जगाच्या बाजारात स्पर्धा करते. त्यामुळे शिकागोचा भाव पडला की त्याचा दाब इथल्या मोंढ्यापर्यंत येतो.

२०२५ची सुगी याचं उदाहरण. व्यापारयुद्धात चीनने अमेरिकी सोयाबीनकडे पाठ फिरवली. सप्टेंबर २०२५मध्ये चीनने अमेरिकेतून सोयाबीनचा एकही दाणा आयात केला नाही. आयोवातल्या शेतकऱ्यांची कोठारं भरत होती आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गायब होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस दोन्ही देशांच्या अध्यक्षांच्या भेटीनंतर खरेदीचं आश्वासन मिळालं. तोवर सुगी जवळपास आटोपली होती. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली होतं. दोन्हीकडच्या शेतकऱ्याचं दुखणं वेगळं, पण भाव ठरवणारा माणूस दोघांच्याही शेतात नव्हता.

मग आपण यातून काय घ्यायचं?

३ हजार एकर आणि पाच लाख डॉलरचं यंत्र आपल्याला घेता येणार नाही. पंजाबातून येणारे हार्वेस्टर भाड्याने मिळतात, तेवढं यांत्रिकीकरण आपल्याकडेही आलं आहे. पण त्या शेतकऱ्याची खरी ताकद यंत्रात नाही, तीन साध्या गोष्टींत आहे.

• तो विकण्याआधी मोजतो. ओलावा आणि वजन त्याला घरीच कळलेलं असतं. गावात किंवा शेतकरी कंपनीत एक चांगलं ओलावामापक असेल, तर व्यापाऱ्याच्या आकड्यावर अवलंबून राहावं लागत नाही. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४च्या खरिपात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती, यावरून या तीन टक्क्यांची किंमत कळते.

• तो थांबू शकतो. आपल्याकडे घरचं कोठार नसलं, तरी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून आहे. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं. आपल्या बाजार समितीत ती सुरू आहे का, हे सुगीच्या आधी विचारून ठेवा.

• तो मंद कडी शोधतो. आपल्याकडे ती बहुतेकदा मळणी यंत्राची पाळी किंवा मजुरांचं गुत्तं असते. सगळ्या शिवाराचं सोयाबीन एकाच आठवड्यात कापणीला येऊ नये, म्हणून लवकर आणि उशिरा येणारी वाणं मिळून पेरणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

अमेरिकेत शेतकऱ्याचं सरासरी वय आता ५८.१ वर्षं आहे. एवढी यंत्रं, एवढी जमीन असूनही ‘आपल्यानंतर हे कोण करणार?’ हा प्रश्न तिथल्या जेवणाच्या टेबलावर आहेच. पुढच्या वेळी ती रील समोर आली, तर दाण्यांच्या त्या धारेमागे ट्रकच्या रांगेत ताटकळलेले आजोबा, ड्रायरजवळ रात्री अकराला आकडे लिहिणारी आई आणि ‘उद्या पाऊस आहे का?’ म्हणून मोबाइल उघडणारा एक माणूसही आहे, एवढं लक्षात ठेवा. तो शेवटचा माणूस तुमच्या गावातही असेल.